मधल्या झोक्यावरचं लाल फडकं

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. उद्यान विभागात वीस वर्षं काढलेल्या बाईला भुताखेतांची गरज नसते... जिवंत माणसंच पुरून उरतात. आता मीच लिहायला बसलेय, तर ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

मी शिरूर-दौंड पट्ट्यातल्या एका गावात नोकरी करते. गावाचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण निवृत्तीला अजून वेळ आहे. माझ्याकडे दोन बागा, एक ओपन जिम, एक बॅडमिंटन हॉल आणि मे महिन्यातलं मुलांचं शिबिर. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात हॉलमध्ये बॅडमिंटनपेक्षा वाढदिवस जास्त होतात, ओपन जिमवर लोक गोधड्या वाळत घालतात आणि कारंजं फक्त पाहुणे येणार असले की टँकर मागवून उडवायचं. पेंग्विनच्या आकाराच्या कचरापेट्या बसवल्या, तर लोक पेंग्विनसोबत फोटो काढतात आणि कचरा त्याच्या पायाशी टाकतात. असो.

दोनपैकी मोठी बाग जुन्या मिशनच्या दवाखान्याच्या मागे आहे. पूर्वी तिथे बाग नव्हती, नुसतं मैदान होतं. चार कडुनिंब, एक लोखंडी घसरगुंडी आणि तीन झोके. त्याची राखण शमुवेल मामा करायचे. चर्चच्या मागच्या वस्तीतले, काटक, अंगात कायम खाकी शर्ट. बावीस वर्षं रोजंदारीवर होते. त्यांना कायम करायची फाइल मी स्वतः तीनदा वर पाठवली आणि तिन्ही वेळा ती वरच राहिली.

मामांची कामाची एक पद्धत होती. दर शनिवारी सकाळी ते पान्हा घेऊन झोक्यांची एकेक कडी वाजवायचे. कान जवळ नेऊन. कडी ठणठणीत वाजली तर पुढे जायचे. बद्द वाजली, म्हणजे मडक्याला तडा गेल्यावर येतो तसा आवाज आला, की तो झोका बंद. त्याच्या दोन्ही साखळ्या एकत्र आणून त्यावर लाल फडकं बांधायचे. त्यांचा नियम साऱ्या गावाला पाठ होता - "फडकं असंल तर कलेक्टर आला तरी बसायचं न्हाई." आणि खरंच कुणी बसत नसे. ज्यांनी लहानपणी ते फडकं पाहिलं होतं, ते आता आपल्या मुलांना लांबूनच सांगायचे, "लाल हाय बघ, दुसऱ्यावर बस."

त्या फडक्याची गाठही त्यांचीच. तरुणपणी शेतातल्या यंत्रात त्यांची डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, त्यामुळे गाठ उलटी पडायची आणि दोन्ही टोकं आत खोचलेली असायची. ओढावी तितकी घट्ट व्हायची. एकदा ते आजारी असताना झोका दुरुस्त करायला माणसं आली आणि गाठ कुणालाच सुटेना. तेव्हा मामांनी मला घरी बोलावून उशीच्या अभ्र्यावर दाखवलं होतं, की वरच्या घडीखाली बोट घालायचं आणि ओढायचं नाही, वर ढकलायचं. तेव्हापासून मामा नसले की गाठ सोडवायला मी.

मग मैदानाचा विकास करायचं ठरलं. विकास म्हणजे निम्मे कडुनिंब गेले, फरशा आल्या, रंगीत खेळणी आली आणि सेल्फी पॉइंट आला. जुने झोके भंगारात गेले. ठेकेदाराने स्वतःचा राखणदार आणला. मग मला वरून सांगण्यात आलं, की शमुवेल यांच्याबद्दल एक टिपणी द्या. मी दिली. 'सदर कर्मचाऱ्याची आवश्यकता राहिलेली नाही.' एका ओळीची. मी लिहिली नसती तर दुसऱ्या कुणी लिहिली असती, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. अजूनही समजावते, पण पटत नाही.

मामांनी किल्ल्या आणून टेबलावर ठेवल्या आणि गेले. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ते परत आले ते नवे झोके बसले तेव्हा. मी तिथेच उभी होते. खिशातून पान्हा काढून त्यांनी तीन झोक्यांच्या सहा कड्या वाजवल्या. मधल्या झोक्याची डावीकडची कडी दोनदा वाजवली.

"बाई, ही बद्द वाजतीय. वेल्डिंग वरवरचं हाय. हिच्यावर लेकरू बसवू नगा."

मी म्हटलं, "मामा, तपासणी झालीय. रिपोर्ट आलाय माझ्याकडे."

"रिपोर्ट वाजवून बघितला का?"

ते हसले. मीही हसले. झोके बसवणारा ठेकेदाराचा माणूस तर मोठ्याने हसला. मामांनी पान्हा खिशात घातला आणि फाटकातून बाहेर पडले. त्यानंतर नाताळ होऊन आठवडाही झाला नसेल, मामा झोपेतच गेले. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकाजवळ उभी राहिले आणि लगेच निघाले, कारण ऑफिसात मीटिंग होती.

बाग तयार होऊन पाच महिने कुलपात होती. का, तर लोकार्पणाला साहेबांची तारीख मिळत नव्हती. साहेब म्हणजे कोण ते तुम्ही आपापल्या गावाप्रमाणे समजून घ्या. लोकार्पणाआधी कुणी वापरायचं नाही, असा आमच्याकडचा कायदा. कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्या कायद्यांपेक्षा कडक पाळला जातो. मुलं फाटकाच्या गजांतून झोके बघत उभी राहायची आणि मी त्यांना हाकलायचे. आणि एक खास सूचना होती - पहिला झोका साहेबांचा नातू घेणार. मधल्या झोक्यावर, कारण तिथून मागे बागेचं नाव फोटोत येतं.

एप्रिलमध्ये तारीख मिळाली. वेळ सकाळी दहाची.

मी साडेसहाला पोचले. ठेकेदाराने आणलेले राखणदार तात्या, न्हावऱ्याचे, पन्नाशीचे गृहस्थ, फाटकातच खुर्ची टाकून बसले होते. कुलूप मी माझ्या किल्लीने उघडलं. आत गेले आणि पाहिलं, तर मधल्या झोक्यावर लाल फडकं.

मला आधी राग आला. ऐन लोकार्पणाच्या दिवशी कुणीतरी चेष्टा केली असं वाटलं. तात्यांना बोलावलं.

"मॅडम, मी पाचापासनं हितंच हाय. कुत्रंसुदिक आत गेलं न्हाई."

"मग हे काय आहे?"

त्यांनी पाहिलं. ते गावात नवे, त्यांना फडक्याचं काहीच माहीत नव्हतं. "सजावटीचं आसंल," म्हणाले.

मी गाठ सोडवायला हात घातला. ओढलं. घट्ट झाली. पुन्हा ओढलं, आणखी घट्ट. मग माझं बोट आपसूक वरच्या घडीखाली गेलं, वर ढकललं आणि गाठ सुटली... त्या क्षणी माझ्या लक्षात आलं आपण काय केलं ते. हाताला ग्रीसचा वास येत होता. त्या नव्या झोक्यांना कुणी ग्रीस लावलेलंच नव्हतं. मी फडकं पर्समध्ये कोंबलं आणि रांगोळीवाल्या बायकांना जागा दाखवायला गेले.

तुम्ही म्हणाल, कॅमेरे नव्हते का? होते ना. चार होते. त्यांची वायर भिंतीत जात होती आणि भिंतीतच संपत होती. जोडणी लोकार्पणानंतर होणार होती.

नऊच्या सुमारास पुन्हा पाहिलं. तेव्हा आत मांडववाले होते, बंदोबस्ताचे दोन पोलीस होते आणि रांगोळी चालू होती. मी झोक्यापासून दहा पावलांवर टेबलावरचे हार मोजत होते. वळले, तर फडकं बांधलेलं. माझ्या पर्समध्ये हात घातला, पहिलं फडकं तिथेच होतं. म्हणजे हे दुसरं. मी पोलिसांना विचारलं, मांडववाल्यांना विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं. एक पोलीस म्हणाला, "मॅडम, तुमीच उभ्या व्हता की तिथं."

दुसरंही मी सोडवलं. का सोडवलं, म्हणून विचाराल तर उत्तर सोपं आहे. दहाचा कार्यक्रम होता.

दहाचे अकरा झाले, बारा झाले. साहेबांच्या गाड्या तळेगाव ढमढेऱ्याला कुठल्याशा सत्कारात अडकल्या होत्या. शाळेची मुलं उन्हात स्वागतगीतासाठी रांगेत बसून सुकली होती. साडेबाराला फोन आला, गाड्या निघाल्या. मी झोक्याकडे पाहिलं. तिसरं फडकं.

या वेळी मला हात लावता आला नाही. भर दुपार, दोन-अडीचशे माणसं, स्पीकरवर गाणी. तरी मला भीती वाटली, हे सरळच सांगते. मला मामा दिसले नाहीत, त्यांचा आवाज आला नाही, तसलं काहीही झालं नाही. फक्त ते फडकं होतं आणि ती गाठ होती, आणि ती माझ्यासाठीच होती एवढं मला कळलं.

मी आमच्या विभागाच्या इंजिनिअर साहेबांकडे गेले. म्हटलं, "सर, नातवाला मधल्या झोक्यावर बसवू नका. कडी बद्द वाजतेय."

"आता सांगताय?"

"आता सांगतेय. साहेबांचा नातू आहे, सर. काही झालं तर?"

बस, एवढंच. त्यांनी ठेकेदाराला बोलावलं, फोटोग्राफरला बोलावलं, आणि पहिला झोका डावीकडचा असं ठरलं. एका मिनिटात. बागेच्या नावाची पाटी दोन माणसांनी उचलून डावीकडे आणली. मामांना बावीस वर्षांत जे मिळालं नाही, ते साहेबांच्या नातवाला एका मिनिटात मिळालं. आणि मला तेव्हा काय वाटलं माहीत आहे? सुटले, असं वाटलं.

मधल्या झोक्यावर फडकं तसंच राहू दिलं. गाड्या आल्या, फीत कापली, नातू झोक्यावर बसला, तीन हेलकावे घेतले आणि रडायला लागला, कारण त्याला मोबाइल हवा होता. भाषणं झाली. कारंजं उडालं. मग सगळा ताफा न्हावऱ्याच्या रस्त्याला एका शेतावर जेवायला निघाला. मलाही गाडीत बसायला सांगितलं आणि मी बसले. निघताना मी तात्यांना म्हणू शकले असते, की त्या झोक्यावर कुणाला बसू देऊ नका. फाटकाला कुलूप लावा म्हणू शकले असते. चार शब्द. माझ्या डोक्यात आलेच नाहीत ते. साहेबांचा नातू सुखरूप होता ना, मग धोका टळला होता.

मासवडीचं ताट पुढे आलं आणि फोन वाजला.

आम्ही गेल्यावर फाटक सगळ्यांसाठी उघडलं होतं. पाच महिने गजांतून बघणारी पोरं आत घुसली. तीन झोके आणि एवढी पोरं, म्हणून झोके बसवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाने मधला झोका मोकळा करून दिला. गाठ सुटेना तेव्हा ब्लेडने कापली. रोशनी नावाची नऊ वर्षांची मुलगी त्यावर बसली. बाप कारेगावच्या बाजूला कंपनीत कंत्राटी कामाला जातो, घर आमच्याच गावात, भाड्याच्या खोलीत. चौथ्या-पाचव्या हेलकाव्याला डावीकडची कडी वेल्डिंगसकट निघाली.

मुलगी वाचली. पण कोपराचा चुरा झाला होता. पुण्यात दोन ऑपरेशनं झाली, तरी हात सरळ होत नाही. मी दवाखान्यात गेले तेव्हा तिची आई बाकावर बसली होती. ती ओरडली नाही. मला म्हणाली, "मॅडम, उस पे लाल कपड़ा बंधा था. मेरी लड़की रुक गयी थी. बोली, मम्मी, इधर के बच्चे लाल वाले पे नहीं बैठते. फिर आपके आदमी ने काट के दिया, बोला, बैठ."

मी बिस्किटांचा पुडा तिच्या शेजारी ठेवला. तो तिने घेतला नाही.

आता यापुढचं वाचा. चौकशी झाली. चौकशीत सगळ्यांना आवडलेली एकच गोष्ट निघाली - फडकं. झोक्यावर फडकं होतं, म्हणजे झोका बंद ठेवलेला होता, म्हणजे प्रशासनाने काळजी घेतली होती, म्हणजे दोष वापरणाऱ्याचा. ठेकेदाराच्या माणसाने काहीच कापलं नाही असं ठरलं. फक्त फडकं बांधलं कुणी, एवढीच जागा कागदावर मोकळी होती.

इंजिनिअर साहेबांनी कागद पुढे सरकवला. 'धोक्याची सूचना म्हणून लाल फडके उद्यान पर्यवेक्षक यांनी स्वतः बांधले होते.'

"मी नाही बांधलं, सर."

"मग कोणी बांधलं? सांगा, त्यांचं नाव टाकू."

मी कुणाचं नाव सांगणार होते?

मी सही केली. महिन्याभराने मला प्रसंगावधानाबद्दल कौतुकाचं पत्र मिळालं. ज्याला एका ओळीत मी घालवलं, त्याचं शेवटचं काम एका ओळीत मी माझ्या नावावर करून घेतलं.

फडकी मात्र माझ्याकडे होती. दोन अख्खी, एक कापलेलं, जे तात्यांनी झोक्याखालून उचलून ठेवलं होतं. पुढे ती घेऊन मी एसटीने दौंडला गेले. मामी आता तिथे मुलाकडे असतात, मुलगा रेल्वेत आहे. एवढ्या लांबून त्यांच्या कानावर आमच्या बागेचं काही आलं नव्हतं. मी फक्त इतकंच विचारलं, की मामांची फडकी कुठे आहेत.

"पान्हा लेकानं घेतला," मामी म्हणाल्या. "फडकी म्या पुरायच्या आधी पेटीत ठिवली त्यांच्या, उशाला. तीनच राहिली व्हती. का वं?"

मी पर्समधून काढून दिली. मामींनी ती डोळ्यांजवळ धरली, कडेची शिलाई नखाने चाचपली. लाल कापडाला निळा दोरा होता. मी तो तोवर पाहिलाच नव्हता.

"ह्यो माझा दोरा हाय," त्या म्हणाल्या. "लाल संपला व्हता तवा. ही कुठं घावली तुमाला?"

मी सांगितलं, नव्या बागेत झोक्यावर बांधलेली होती. मामींना भीती वाटली नाही, नवलही वाटल्यासारखं दिसलं नाही. कापलेल्या तुकड्यावरून बोट फिरवत त्यांनी एवढंच विचारलं, "मग लेकरू बसलं न्हाई न्हवं त्यावर?"

मी म्हटलं, "नाही, मामी. कुणीच नाही बसलं."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी तो चहा पिऊन आले.

फडकी मामींनी ठेवून घेतली. त्यामुळे माझ्याकडे आता पुरावा म्हणून दाखवायला काही नाही. जमिनीखाली गेलेली फडकी वर कशी आली, कुणी बांधली, भर माणसांत कुणालाच कसं दिसलं नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मामांसारखीच फडकी दुसऱ्या कुणी शिवली असतील म्हणावं, तर ती गाठ? आणि तो निळा दोरा? शास्त्र जाणणारे कुणी इथे असतील तर सांगा. मी रागावणार नाही, उलट बरंच वाटेल.

झोक्यांच्या कड्या बदलून घेतल्या आहेत. मी पान्हा विकत आणलाय आणि दर शनिवारी बाग उघडायच्या आधी सहाही कड्या वाजवते. तात्या लांबून बघतात. खरं म्हणजे मी कड्या वाजवायला जात नाही. आज तरी फडकं दिसेल का, ते बघायला जाते. एकदाही दिसलेलं नाही. जिला तीनदा सांगून उपयोग झाला नाही, तिला चौथ्यांदा कोण कशाला सांगेल?

मागच्या शनिवारी उजवीकडच्या झोक्याची एक कडी मला बद्द वाटली. खात्री नव्हती, कान मामांचा नाही माझा. तरी बंद करायचं ठरवलं. बाजारातून लाल कापड आणलं, दोन्ही साखळ्या एकत्र धरल्या आणि गाठ मारली. सोमवारी पोरांनी ती सहज सोडून टाकली होती आणि झोका चालू होता.

गाठ सोडवायची कशी, ते मामांनी मला शिकवलं होतं. बांधायची कशी, ते मी त्यांना कधी विचारलंच नाही.